लाँगमाँटच्या विमानाला टर्बो हवाच का?

वाचकाचे पत्र: मी अमेरिकेत, कोलोराडोतील लाँगमाँट येथे राहतो आणि घरच्या गॅरेजमध्ये झेनिथ सीएच ७५० स्टॉल हे दोन आसनी विमान किटपासून बांधत आहे. शेपटी आणि एक पंख पूर्ण झाला आहे. माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. विमान लाँगमाँटलाच ठेवणार आहे. उन्हाळ्यात पत्नीसह, तंबू आणि सामान घेऊन डोंगरांपलीकडे जायचे आहे, आणि लेडव्हिलला एकदा तरी उतरायचेच आहे. इंजिनावरून हँगरमधील मंडळींत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो की या उंचीवर टर्बोशिवाय, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या जोडयंत्राशिवाय, विमान बांधणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. दुसरा म्हणतो की एवढ्याशा विमानाला टर्बो म्हणजे विकतचे दुखणे. बिनटर्बोचे रोटॅक्स ९१२ यूएलएस, आणि टर्बो असलेली ९१४ व ९१५ आयएस, या तीन इंजिनांत माझे मन घुटमळते आहे. पुण्यातील धाकटा भाऊ मोटारींचा जाणकार आहे. तो म्हणतो, डोळे मिटून टर्बो घे. आपले मत कळवावे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

भावाच्या मतापासून सुरुवात करतो, कारण गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. मोटारीतील छोट्या टर्बो इंजिनाला पूर्ण शक्ती लागते ती एखादा ट्रक ओलांडताना, काही सेकंदांपुरती. एरवी सपाट रस्त्यावर ते आपल्या क्षमतेच्या लहानशा हिश्श्यावर चालत असते. विमानाचे इंजिन उड्डाणाच्या वेळी पूर्ण शक्तीवर, चढताना जवळजवळ तेवढ्याच शक्तीवर आणि त्यानंतर तासन् तास साठ-पंचाहत्तर टक्क्यांवर राबते. मोटारीत टर्बोची उष्णता थोडा वेळ निर्माण होते आणि विरून जाते. विमानात ती साचत राहते. त्यामुळे मोटारीचा अनुभव कितीही दांडगा असला, तरी या एका प्रश्नात तो फारसा उपयोगी पडत नाही.

आता आपल्या धावपट्टीकडे पाहू. लाँगमाँटच्या विमानतळाची उंची ५,०५५ फूट आहे. समुद्रसपाटीला हवेचा प्रमाण दाब २९.९२ इंच पारा असतो आणि खालच्या थरांत दर हजार फुटांना तो सुमारे एका इंचाने उतरतो. टर्बो नसलेले इंजिन बाहेरच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावरच भागवते, म्हणून त्याची शक्ती दर हजार फुटांना ढोबळमानाने तीन टक्क्यांनी घटते. त्यात तापमानाची भर पडते. प्रमाण तापमानापेक्षा हवा जितके अंश सेल्सिअस अधिक तापलेली असेल, त्या प्रत्येक अंशामागे विमानाच्या दृष्टीने उंची सुमारे १२० फुटांनी वाढते. हिलाच वैमानिक डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. जुलैच्या दुपारी आपल्याकडे ३२ अंश असताना हा हिशेब ८,३०० फुटांच्या आसपास जातो. म्हणजे धावपट्टीवरून हललेलेही नसताना १०० अश्वशक्तीच्या ९१२ यूएलएसची शक्ती पंचाहत्तरवर आलेली असते. लेडव्हिलचा विमानतळ ९,९३४ फुटांवर, उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच. तिथे दुपारी २५ अंश असतील, तर डेन्सिटी अल्टिट्यूड साडेतेरा हजार फुटांपर्यंत पोहोचते आणि त्याच ९१२ मधून जेमतेम साठ अश्वशक्ती हाती लागते. तेव्हा टर्बोच्या बाजूने बोलणारी मंडळी उगाच घाबरवत नाहीत. त्यांचे आकडे खरे आहेत.

किंबहुना विमानाच्या टर्बोची एक गाजलेली परीक्षा आपल्याच राज्यात झाली. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकचे अभियंता सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी इंजिन पाइक्स पीकच्या माथ्यावर, चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर नेले. पायथ्यापासून दूर, सखल भागात ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर टर्बोविना २३० वर घसरले आणि टर्बो जोडल्यावर त्याने ३५६ दिले. शतक उलटून गेले तरी तत्त्व तेच आहे: वाया जाणाऱ्या तप्त धुराने टर्बाइन फिरवायचे, त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसरने विरळ हवा दाबून सिलिंडरला पुरवायची, आणि दाब प्रमाणाबाहेर जाऊ लागला की वेस्टगेट ही झडप उघडून काही धूर टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडायचा.

मात्र ‘टर्बो’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एका प्रकारात टर्बो केवळ समुद्रसपाटीचा दाब, म्हणजे तीस इंच, उंचीवरही टिकवून धरतो. इंजिनावर जास्तीचा ताण येत नाही, फक्त उंचीचे नुकसान भरून निघते. दुसऱ्या प्रकारात तीस इंचांच्या पलीकडे जाऊन लहान इंजिनातून मोठ्याचे काम करून घेतले जाते. आपल्या यादीतील रोटॅक्सची दोन्ही टर्बो इंजिने दुसऱ्या प्रकारातली. ९१४ चे आकारमान १,२११ घनसेंटिमीटर, म्हणजे ९१२ यूएलएसच्या १,३५२ पेक्षाही कमी, आणि तरीही ते उड्डाणासाठी पाच मिनिटे ११५ आणि अखंड १०० अश्वशक्ती देते. प्रमाण हवेत ११५ ची शक्ती ८,००० फुटांपर्यंत आणि १०० ची १६,००० फुटांपर्यंत टिकते. ९१५ आयएस पाच मिनिटे १४१ आणि अखंड १३५ देते, आणि १४१ चा आकडा १५,००० फुटांपर्यंत ढळत नाही. कागदावर याला तोड नाही.

आता कागदावर जे नसते त्याविषयी. टर्बो इंजिनाला उंची जाणवू देत नाही, परंतु पंखांना आणि प्रोपेलरला ती जाणवतेच, आणि हँगरमधल्या वादांत नेमकी हीच गोष्ट मागे पडते. लेडव्हिलच्या त्या दुपारी हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असते. वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा आला की विमान उचलले जाईल, पण त्या आकड्यासाठी जमिनीवरचा खरा वेग सुमारे तेवीस टक्के अधिक लागेल. इंजिनाची शक्ती पुरेपूर असली तरी नुसत्या या वेगापायी धावणे जवळपास दीडपट लांबते. शिवाय विरळ हवेत प्रोपेलरचा ओढा कमी पडतो तो वेगळाच. उतरतानाही तोच जादा वेग ब्रेकने मारावा लागतो, आणि तिथे टर्बोचा काडीचा उपयोग नाही. टर्बो बसवला म्हणजे डोंगर सखल झाला, अशी समजूत करून घेऊन भर दुपारी निघणारा वैमानिक हा साठ अश्वशक्ती घेऊन पहाटे निघणाऱ्यापेक्षा अधिक धोक्यात असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा वजनाचा. आपल्या विमानाचे कमाल वजन १,४४० पौंड. सर्व साज चढवल्यावर रिकामे विमान ८२० पौंडांचे भरले असे धरू; बांधणारे ते कमीच धरतात, तराजू ते कधी ऐकत नाही. उरले ६२० पौंड. दोघांचे मिळून ३४०, दोन्ही टाक्यांतील २४ गॅलन इंधनाचे १४४. तंबू, अंथरूण-पांघरूण, पाणी आणि हत्यारे यांसाठी १३६ पौंड राहतात. ९१५ घेतले तर इंजिन, इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा भाग), त्याच्या नळ्या आणि जड प्रोपेलर मिळून यातले पन्नासएक पौंड सहज खातात, आणि तेही विमानाच्या नाकावर. म्हणजे ज्या सहलीसाठी टर्बो घ्यायचा, त्या सहलीचेच सामान खाली उतरवावे लागते, किंवा इंधन आठ गॅलनने कमी भरावे लागते.

प्रोपेलरचा उल्लेख ओघात आला, पण तो खर्चाचा मोठा भाग आहे. जमिनीवरच पाते फिरवून कोन ठरवायचा साधा प्रोपेलर बिनटर्बोच्या इंजिनाला बऱ्यापैकी जुळतो, कारण उंचीबरोबर हवेचा विरोध कमी होतो तशी इंजिनाची शक्तीही कमी होते आणि दोघांचा मेळ राहतो. टर्बो इंजिनात शक्ती कायम राहते आणि विरोध तेवढा घटतो. त्यामुळे उड्डाणासाठी लावलेला कोन वर गेल्यावर इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवू पाहतो, आणि वरच्या उंचीसाठी लावलेला कोन धावपट्टीवर विमानाला जखडून ठेवतो. उड्डाणात कोन बदलणारा प्रोपेलर घेतला नाही, तर टर्बोसाठी मोजलेल्या पैशांपैकी बराच भाग वापरताच येत नाही. नुसत्या इंजिनाची किंमत पाहिली तरी ९१५ आयएस हे ९१२ यूएलएसच्या साधारण दुपटीला पडते; प्रोपेलर आणि थंड ठेवण्याची व्यवस्था त्यावर.

उष्णतेबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण आपले विमान संथ आहे आणि संथ विमानात हा प्रश्न अधिक टोचतो. हवा दाबली की तापते. १६,००० फुटांवर बाहेरचा दाब सोळा इंचांच्या आसपास असताना ९१४ आत दुपटीहून अधिक दाब राखते, आणि त्या इंजिनात मुळात इंटरकूलर नाही. एअरबॉक्समधील, म्हणजे इंजिनात शिरण्यापूर्वीच्या पेटीतील, हवा मर्यादेपलीकडे तापली की इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आपणहून दाब उतरवतो. म्हणजे तापलेल्या दुपारी पुस्तकातील आकडा मिळेलच याची हमी नाही. ९१५ मध्ये इंटरकूलर आहे, पण त्याला वाऱ्याचा झोत लागतो, रेडिएटरला लागतो, तेलाच्या कूलरलाही लागतो. आपले विमान नाक वर करून ताशी साठ-सत्तर मैलांनी चढत असताना तो झोत क्षीण असतो, वर हवा विरळ, आणि इंजिन मात्र पूर्ण शक्तीची उष्णता ओकत असते. अशा विमानात काउलिंगची, म्हणजे इंजिनावरील आवरणाची, तोंडे रुंद करणे, आडोसे लावणे, पुन्हा उडून पाहणे यातच चाचणीच्या ४० तासांपैकी बरेच खर्ची पडतात. जमिनीवर आल्यावर लगेच इंजिन बंद केल्यास टर्बोच्या बेअरिंगमधील तेल करपते, हेही खरे. परंतु त्याचा फार बाऊ करू नये. शक्ती कमी ठेवून उतरणे आणि सावकाश हँगरपर्यंत येणे यात ते बहुधा पुरेसे निवते.

एक्झॉस्टची बाब मात्र बाऊ करण्याजोगीच आहे. सिलिंडरपासून टर्बाइनपर्यंतची नळी तप्त तर असतेच, शिवाय आतून दाबाखाली असते. साध्या इंजिनाच्या नळीला तडा गेला तर आवाज बदलतो आणि थोडा धूर पसरतो. टर्बोच्या नळीला तडा गेला किंवा तिची पकड सुटली, तर फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या आगरोधक भिंतीवर, ज्योतीचा फवाराच बसतो. प्रमाणित टर्बो विमानांतील व्ही-बँड प्रकारच्या पकडींबाबत अमेरिकी हवाई प्रशासनाने २०२३ मध्ये सक्तीचा आदेश काढला तो याच कारणाने. स्वतः बांधलेल्या विमानाला तसा आदेश थेट लागू नसला, तरी प्रत्येक तेलबदलाच्या वेळी आरसा आणि विजेरी घेऊन ती नळी न्याहाळण्याची आपली तयारी आहे का, हे स्वतःला विचारावे.

९१४ संबंधी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. त्याचे आकारमान आणि कॉम्प्रेशन हे जुन्या ८० अश्वशक्तीच्या ९१२ इतकेच आहे. म्हणून टर्बो निकामी झाला, तर हाती उरते ते ऐंशी अश्वशक्तीचे इंजिन, आणि लाँगमाँटच्या उन्हाळी दुपारी ते साठच देणार. शिवाय त्याला इंजिनावर चालणारा इंधनपंप नाही. दोन्ही पंप विजेवर चालतात. ९१२ यूएलएसचा पंप यांत्रिक आहे आणि प्रज्वलनाची वीज ते स्वतः तयार करते, म्हणून विमानाची सगळी वीज गेली तरी ते चालत राहते. ही साधेपणाची किंमत आपल्याला डोंगरात कळते.

आपल्या यादीत नसलेला एक पर्याय मी सुचवतो: टर्बो नसलेले, पण मोठे इंजिन. बेल्जियमच्या यूएल पॉवरचे ३५० आयएस हे सीएच ७५० वर बसवले जाते. ते हवेने थंड होते, गिअरबॉक्सविना थेट प्रोपेलर फिरवते आणि समुद्रसपाटीला १३० अश्वशक्ती देते. लाँगमाँटच्या त्या ३२ अंशांच्या दुपारी ते सत्त्याण्णव देईल, म्हणजे समुद्रकाठच्या ९१२ यूएलएसइतके. बारा हजार फुटांवर प्रमाण हवेत पंचाऐंशी, आणि लेडव्हिलच्या तापलेल्या दुपारी ऐंशी. यात टर्बोची नळी नाही, इंटरकूलर नाही, साधा प्रोपेलर चालतो. त्यालाही संगणक आणि वीज लागते, तेव्हा विजेच्या बाबतीत ते ९१२ इतके निर्धास्त नाही. दुसरे अल्टरनेटर किंवा राखीव बॅटरी हवीच.

आता निवाडा. आपले विमान शंभर मैलांच्या वेगाचे आहे. त्याचे पंख आणि त्याची चाके त्याला त्याहून फार वेगाने जाऊ देणार नाहीत, म्हणून टर्बोमुळे मिळणारा उंचीवरचा वेग हा फायदा आपल्यासाठी जवळजवळ शून्य आहे. साडेबारा हजार फुटांवर अर्ध्या तासाहून अधिक राहायचे तर वैमानिकाला प्राणवायू सक्तीचा आहे, आणि चौदा हजारांवर तर सतत. तंबू घेऊन निघालेले दांपत्य नाकात नळ्या घालून सोळा हजारांवर उडेल असे मला वाटत नाही. उरतो तो उड्डाणाचा आणि चढण्याचा फायदा. तो खरा आहे, पण त्यातला मोठा हिस्सा ३५० आयएस कमी वजनात आणि कमी कटकटीत देते. म्हणून आपल्या जागी मी ते घेतले असते. ९१२ यूएलएसने दोघांनी सामानासह डोंगर ओलांडण्याच्या मी विरोधात आहे. एकट्याने, सपाटीवर फिरायला ते उत्तम. ९१४ नव्याने घेण्याचे कारण आज मला दिसत नाही. चांगल्या नोंदी असलेले जुने, वाजवी किमतीत मिळाले तर गोष्ट वेगळी. ९१५ आयएस एकाच परिस्थितीत सुचवेन: आपल्या एकूण तासांपैकी निदान एक तृतीयांश तास दोघांनी मिळून, उन्हाळ्यात, मुख्य पर्वतरांगेच्या पश्चिमेच्या उंच धावपट्ट्यांवर जाणार असतील तर. तसे असेल तर पैसे आखडते घेऊ नयेत. योग्य प्रोपेलरसकट घ्यावे, आणि झेनिथच्या कारखान्याकडून आपल्या ढाच्यासाठी इंजिनाच्या वजनाची आणि शक्तीची कमाल मर्यादा लेखी मागून घ्यावी.

लेडव्हिलसाठी ऐंशी अश्वशक्ती पुरतील का, ही शंका आपल्या मनात येईल. सरळ पश्चिमेला तोंड करून बारा हजार फुटांच्या खिंडींवर चाल करून गेलात तर नाही पुरणार. परंतु दक्षिणेकडून दहा हजार फुटांच्या किनोशा खिंडीने साउथ पार्कच्या पठारावर यावे, तिथून साडेनऊ हजारांच्या ट्राउट क्रीक खिंडीने ब्यूना व्हिस्टाला, आणि मग अर्कान्सा नदीच्या खोऱ्यातून उत्तरेला लेडव्हिलला. लांबचा असला तरी हा सौम्य मार्ग आहे. सकाळी लवकर पाच अंश तापमानात लेडव्हिलची डेन्सिटी अल्टिट्यूड अकरा हजारांच्या आसपास असते, म्हणजे दुपारपेक्षा जवळजवळ अडीच हजार फुटांनी कमी. हा लाभ कोणताही टर्बो न बसवता, केवळ गजर लावून मिळतो. रात्री लेडव्हिललाच मुक्काम करावा आणि परतीचे उड्डाणही सूर्य वर यायच्या आत करावे. तत्पूर्वी डोंगरी उड्डाणाचे रीतसर शिक्षण प्रशिक्षकाबरोबर घ्यावे. इंजिन कोणतेही असो, यात सूट नाही.

आपल्या भावासाठीही एक हिशेब देतो, म्हणजे त्यांचा राग राहणार नाही. पुण्याचा विमानतळ दोन हजार फुटांच्या आतच आहे, पण एप्रिलमध्ये पारा चाळिशीला गेला की तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड सव्वापाच-साडेपाच हजार होते, म्हणजे लाँगमाँटच्या थंड दिवसाइतकी. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. ते आपल्या घरापेक्षा थोडेच उंच. तेव्हा महाराष्ट्रात उडायचे असते तर मी ९१२ यूएलएसच्या पुढे गेलोही नसतो.

शेवटची सूचना खरेदीच्या वेळेबद्दल. शेपटी आणि एकच पंख झालेला असताना इंजिन मागवू नये. इंजिनाची हमी ठरावीक मुदतीचीच असते, आणि रोटॅक्स घेतलेच तर त्याच्या रबरी नळ्या आणि जोड दर पाच वर्षांनी बदलावे लागतात, इंजिन एक तासही फिरलेले नसले तरी. दुसरा पंख आणि धड पूर्ण होऊ द्या, विमान चाकांवर उभे करून तराजूवर घ्या, आणि मी वर धरलेल्या ८२० पौंडांच्या जागी आपला खरा आकडा घालून सामानाचा हिशेब पुन्हा करा. तो आकडा मला कळवलात, तर प्रोपेलरच्या लांबीविषयी आणि कोनाविषयी पुढच्या पत्रात लिहीन.